पेज टेबलची नोंद कोणत्या टाइपमध्ये ठेवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अभ्यासासाठी एक छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सी भाषेत लिहिला जात आहे. तो आज ३२ बिटांच्या एक्स८६ वर चालतो, पुढे ६४ बिटांवर आणि जमल्यास रिस्क-फाइव्ह या वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरवर न्यायचा आहे. प्रोग्रॅम वापरतो तो व्हर्च्युअल ॲड्रेस मेमरीतल्या कोणत्या प्रत्यक्ष, म्हणजे फिजिकल ॲड्रेसवर जातो हे प्रोसेसरला सांगणारा तक्ता म्हणजे पेज टेबल. पेज टेबलमधील नोंदीसाठी ‘अनसाइन्ड लाँग’ घ्यावा, ‘यूइंट३२_टी’ घ्यावा, ‘यूइंटपीटीआर_टी’ घ्यावा, ‘व्हॉइड’ पॉइंटर घ्यावा, की प्रत्येक बिटाला नाव देता येते म्हणून बिटफील्डचा स्ट्रक्ट घ्यावा, असे विचारले आहे; आणि जोडीला असेही, की मेमरीत शेवटी तेच बिट पडणार असतील तर टाइपने फरक तो काय पडतो.

माझे मत आधी सांगतो, कारणे मागाहून. प्रोसेसरच्या मॅन्युअलमध्ये नोंदीची जेवढी रुंदी दिली आहे तेवढ्याच ठरावीक रुंदीचा अनसाइन्ड पूर्णांक घ्या, तो एकाच मेंबरच्या स्ट्रक्टमध्ये बंद करा, टेबलच्या प्रत्येक पातळीसाठी असा स्वतंत्र स्ट्रक्ट करा, आणि त्या मेंबरला हात लावण्याची मुभा एका हेडर फाइलमधील मोजक्या फंक्शनांनाच ठेवा. बिटफील्ड टाळा. पॉइंटर तर घेऊच नका. टाइपने मेमरीतले बिट बदलत नाहीत हे खरे, पण ते बिट तिथे पोहोचण्याआधी जी आकडेमोड होते ती सगळी टाइपच्या नियमांनी होते, आणि बहुतेक चुका त्या वाटेवरच घडतात.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ३२ बिटांच्या यंत्रावर सगळेच ३२ बिटांचे असते, अशी आपली नकळत समजूत असते, आणि १९८५ च्या इंटेल ३८६ प्रोसेसरवर ती खरीही होती: व्हर्च्युअल ॲड्रेस ३२ बिटांचा, फिजिकल ॲड्रेस ३२ बिटांचा आणि नोंदही ३२ बिटांची. तीन वेगळ्या गोष्टींची रुंदी योगायोगाने सारखी होती, म्हणून त्या तिन्हींना एकच टाइप पुरला. १९९१ च्या सुरुवातीच्या लिनक्समध्येही नोंद म्हणजे साधा ‘अनसाइन्ड लाँग’च होता. १९९५ मध्ये पेंटियम प्रो आला आणि त्याच्या पीएई (फिजिकल ॲड्रेस एक्स्टेन्शन) पद्धतीने हा योगायोग मोडला. व्हर्च्युअल ॲड्रेस ३२ बिटांचाच राहिला, फिजिकल ॲड्रेस ३६ बिटांचा झाला, म्हणजे ६४ जीबीपर्यंत मेमरी लावता येऊ लागली, आणि नोंद मात्र ६४ बिटांची झाली. त्यामुळे ४ केबीच्या एका टेबलात १,०२४ ऐवजी ५१२ नोंदी मावू लागल्या आणि टेबलांची एक पातळी वाढली. ३२ बिटांच्या आर्म प्रोसेसरवर एलपीएई ही तशीच पद्धत आल्यावर तिथेही हेच झाले, फक्त फिजिकल ॲड्रेस ४० बिटांचा झाला. रिस्क-फाइव्हच्या एसव्ही३२ पद्धतीत तर नोंद ३२ बिटांची असूनही ती ३४ बिटांचा फिजिकल ॲड्रेस दाखवू शकते, कारण तिच्यात फ्रेमच्या, म्हणजे फिजिकल मेमरीतल्या ४ केबीच्या तुकड्याच्या, क्रमांकासाठी २२ बिट राखले आहेत आणि त्यांना १२ बिटांचा ऑफसेट, म्हणजे त्या तुकड्यातली जागा, जोडला जातो.

यातून निघणारी गोष्ट साधी आहे: व्हर्च्युअल ॲड्रेसची रुंदी, फिजिकल ॲड्रेसची रुंदी आणि नोंदीची रुंदी या तिघी एकमेकींवर अवलंबून नाहीत. ‘यूइंटपीटीआर_टी’ हा पॉइंटरइतका रुंद असतो, म्हणजे तो व्हर्च्युअल ॲड्रेसचा टाइप आहे. नोंदीशी त्याचा संबंध नाही. ‘अनसाइन्ड लाँग’ची रुंदी कंपायलर आणि एबीआय (टाइपांचे आकार व फंक्शन-कॉलचे नियम ठरवणारा करार) ठरवतात, तेव्हा त्याचाही संबंध नाही. तुमच्या बाबतीत हे लवकरच अंगावर येईल, कारण ६४ बिटांवर गेल्यावर बहुधा यूईएफआय या फर्मवेअरसाठी बूटलोडर लिहावा लागतो आणि तो सहसा विंडोजच्या एबीआयने कंपाइल होतो, जिथे ६४ बिटांच्या यंत्रावरही ‘अनसाइन्ड लाँग’ ३२ बिटांचाच असतो. कर्नल आणि बूटलोडर दोघांनी एकच हेडर फाइल वापरली आणि तिच्यात नोंद ‘अनसाइन्ड लाँग’ म्हणून जाहीर केली असेल, तर बूटलोडरने भरलेले टेबल आणि कर्नलने वाचलेले टेबल यांचा आकार जुळणार नाही, आणि कंपायलर चकार शब्द काढणार नाही.

पॉइंटरचा पर्याय दिसायला सोपा वाटतो, कारण वरच्या पातळीची नोंद खालच्या टेबलाकडे बोट दाखवते. पण ते बोट फिजिकल ॲड्रेसकडे असते आणि सी मधला पॉइंटर व्हर्च्युअल ॲड्रेस धरतो. सुरुवातीला सगळी मेमरी जशीच्या तशी मॅप केलेली असते तोवर दोन्ही आकडे एकच दिसतात आणि सगळे सुरळीत चालते. कर्नल वरच्या पत्त्यांवर हलवला, की त्याच दिवशी गाडी अडते. शिवाय खालच्या १२ बिटांत परवानग्या कोंबलेला पॉइंटर हा पॉइंटरच नसतो.

आता आकडेमोडीकडे येऊ. फ्रेम क्रमांक १२ बिटांनी डावीकडे सरकवला की फिजिकल ॲड्रेस मिळतो, हे वाक्य प्रत्येक कर्नलमध्ये कुठे ना कुठे असतेच. पीएई असलेल्या कर्नलमध्ये फ्रेम क्रमांक २४ बिटांचा असतो, तो ३२ बिटांच्या ‘अनसाइन्ड लाँग’मध्ये आरामात मावतो, म्हणून त्याचा टाइप तोच ठेवणे योग्यही आहे. पण सरकवण्याची क्रिया डाव्या बाजूच्या टाइपच्या रुंदीत होते; उत्तर ६४ बिटांच्या चलात ठेवले जाणार आहे हे त्या क्रियेला ठाऊक नसते. त्यामुळे ४ जीबीच्या वरच्या कोणत्याही फ्रेमचे वरचे बिट सरकवतानाच गळून पडतात आणि उरलेला आकडा ६४ बिटांच्या चलात निमूटपणे जाऊन बसतो. आधी कास्ट करून, म्हणजे टाइप रुंद करून, मग सरकवायचे, हा क्रम एकदा चुकला तर ४ जीबीच्या वरची फ्रेम खालच्या कुठल्यातरी दुसऱ्याच फ्रेमचा पत्ता घेऊन येते, आणि त्या फ्रेमच्या मालकाचा डेटा बिघडतो. एसव्ही३२ मध्येही अगदी हेच होते: ३२ बिटांची नोंद १० बिट उजवीकडे आणि मग १२ बिट डावीकडे सरकवली, की वरचे दोन बिट हरवतात. म्हणून फिजिकल ॲड्रेसचाही स्वतंत्र टाइप हवा. लिनक्समध्ये तो ‘फिज_ॲडर_टी’ या नावाने आहे आणि कॉन्फिगरेशननुसार ३२ किंवा ६४ बिटांचा होतो.

मास्कची, म्हणजे नको ते बिट शून्य करणाऱ्या स्थिरांकाची, गोष्ट याहून नाजूक आहे. खालचे १२ बिट काढून टाकण्यासाठी आपण हेक्समधल्या तीन एफचा बिटशः व्यत्यास घेतो, म्हणजे त्याचा प्रत्येक बिट उलटा करतो. हा स्थिरांक नुसता लिहिला तर तो ‘इंट’ असतो, त्याचा व्यत्यास उणे ४,०९६ होतो, आणि ६४ बिटांच्या नोंदीशी ‘अँड’ करताना साइन एक्स्टेन्शनने, म्हणजे चिन्हाचा बिट वर पसरल्याने, वरचे ३२ बिट एक होतात. उत्तर बरोबर येते. आता कोणी काटेकोरपणा दाखवायचा म्हणून त्याच स्थिरांकापुढे अनसाइन्डचा ‘यू’ जोडला, तर व्यत्यास ३२ बिटांचा अनसाइन्ड होतो, रुंद होताना वरचे ३२ बिट शून्य होतात, आणि ४ जीबीच्या वरचा प्रत्येक पत्ता कापला जातो. म्हणजे निष्काळजीपणे लिहिलेली ओळ चालते आणि काळजीपूर्वक लिहिलेली ओळ बिघडते. लिनक्सच्या एक्स८६ भागात पेजचा मास्क मुद्दाम साइन्ड टाइपमध्ये कास्ट केलेला आहे आणि शेजारी टिप्पणी आहे, की ३२ बिटांच्या पीएईवर तो साइन एक्स्टेन्ड व्हावा म्हणून हे केले आहे. तो कास्ट उगाचच दिसतो म्हणून कोणी काढून टाकू नये, यासाठीच ती टिप्पणी तिथे आहे. तुमच्या कर्नलमध्ये मी याहून सरळ मार्ग सुचवेन: प्रत्येक मास्क आणि प्रत्येक बिटाचा स्थिरांक ‘यूइंट६४_सी’ या मॅक्रोने जाहीर करा, म्हणजे त्याची रुंदी लिहिणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर राहत नाही. ‘या पेजमधून कोड चालवू नये’ असे सांगणारा एनएक्स हा, शून्यापासून मोजता, ६३ वा बिट आहे. तो ‘१ << ६३’ असा लिहिला तर ‘इंट’च्या रुंदीबाहेर सरकवल्यामुळे भाषेच्या नियमांनुसार त्या ओळीला अर्थच राहत नाही. याच कारणाने बिटांची नावे ‘ईनम’मध्येही ठेवू नयेत, कारण सी२३ च्या आधीच्या प्रमाणात ईनमचे स्थिरांक ‘इंट’ असतात.

बिटफील्डबद्दल मला जास्त लिहायचे आहे, कारण तो पर्याय सर्वांत आकर्षक आहे आणि मीही एके काळी तोच निवडला होता. प्रेझेंट एक बिट, राइट एक बिट, यूझर एक बिट, आणि शेवटी फ्रेमसाठी २० बिट, असा स्ट्रक्ट वाचायला मॅन्युअलमधल्या आकृतीसारखाच दिसतो. मी ज्या ३२ बिटांच्या कर्नलवर काम करत होतो त्यात हाच स्ट्रक्ट होता. नोंद ३२ बिटांची, पण नेटवर्क कार्डाचे डीएमए डिस्क्रिप्टर, म्हणजे कार्डाने थेट मेमरीत कुठे लिहायचे हे सांगणाऱ्या नोंदी, ६४ बिटांचे पत्ते मागत होते, म्हणून बफरचा फिजिकल ॲड्रेस काढणारे फंक्शन ६४ बिटांचे उत्तर देत असे. त्यात फ्रेमचे फील्ड १२ बिटांनी सरकवून परत पाठवले होते, एका ओळीत. १ जीबीच्या यंत्रांवर हे वर्षभर निर्धोक चालले. ४ जीबीची यंत्रे आली, आणि चार-पाच दिवस चालल्यावर एखादे यंत्र अचानक पॅकेट घेणे बंद करू लागले. एमएमयूची (पत्त्यांचे रूपांतर करणाऱ्या प्रोसेसरमधील भागाची) टेबले तपासली, ती अचूक होती. ड्रायव्हर तपासला, तो बरोबर होता. शेवटी डिस्क्रिप्टरच मेमरीतून वाचून कागदावर उतरवले, तेव्हा एका पत्त्याचे वरचे ३२ बिट सगळेच्या सगळे एक आहेत हे दिसले.

कारण असे, की २० बिटांचे अनसाइन्ड बिटफील्ड आकडेमोडीत येताच सी भाषा त्याला ‘इंट’ बनवते, कारण २० बिटांतली प्रत्येक किंमत ‘इंट’मध्ये मावते. फील्ड अनसाइन्ड म्हणून जाहीर केले होते याचा इथे काही उपयोग होत नाही. फ्रेम क्रमांक ५,२४,२८८ किंवा त्याहून मोठा असला, म्हणजे पत्ता २ जीबी किंवा त्याच्या वर असला, की १२ बिट सरकवल्यावर ‘इंट’चा चिन्हाचा बिट एक होतो. काटेकोरपणे पाहता तो ओव्हरफ्लो आहे आणि भाषा त्याबद्दल कसलीच हमी देत नाही. प्रत्यक्षात आमच्या कंपायलरने ऋण आकडा दिला आणि तो ६४ बिटांत नेताना वरचे सगळे बिट एक केले. ३२ बिटांच्या वाटेवर हे कधीच दिसले नसते, कारण तिथे वरचे बिट नाहीतच. फ्रेम वाटणारे आमचे फंक्शन खालून वर जात होते, त्यामुळे २ जीबीच्या वरची फ्रेम वाट्याला यायलाच चार-पाच दिवस लागत. दुरुस्ती एका कास्टची होती. ती शोधायला आमचे तीन आठवडे गेले.

६४ बिटांवर फील्ड रुंद झाले की हा धोका टळतो असे कोणाला वाटेल, तर तिथे दुसरा आहे. ६४ बिटांच्या टाइपमध्ये फ्रेमसाठी ४० बिटांचे फील्ड घेतले आणि ते १२ बिटांनी सरकवले, तर सी कंपाइल करताना जीसीसी त्या फील्डचा टाइपच ४० बिटांचा मानतो आणि उत्तर ४० बिटांतच कापतो. क्लँग मात्र जाहीर केलेला ६४ बिटांचा टाइप धरतो आणि पूर्ण उत्तर देतो. म्हणजे जीसीसीने बनवलेल्या कर्नलमध्ये १ टीबीच्या वरचे पत्ते बिघडतात, आणि तेवढी मेमरी कोणाच्या टेबलावरच्या यंत्रात नसते, म्हणून चूक वर्षानुवर्षे झोपून राहते. शिवाय फील्ड कोणत्या टोकापासून भरायची हे प्रमाणाने कंपायलरवर सोडले आहे. ज्या रचनेतला बिट न् बिट हार्डवेअरने ठरवला आहे, ती मांडणी भाषेने ज्याची हमी दिलेली नाही अशा साधनावर सोपवणे मला पटत नाही.

बिटफील्डवरचा माझा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो नोंदीच्या स्वभावाशी निगडित आहे. पेज टेबल ही फक्त कर्नलची मेमरी नाही. प्रोसेसरही तिच्यात लिहितो. पेजला स्पर्श झाला की एक्स८६ त्या नोंदीचा ॲक्सेस्ड बिट आणि पेजमध्ये पहिले लेखन झाले की डर्टी बिट स्वतःहून एक करतो, आणि तेही अणुशः, म्हणजे मध्ये कोणाला शिरू न देता. आता कल्पना करा, की एका कोअरवर कर्नल एका पेजची लिहिण्याची परवानगी काढून घेत आहे. बिटफील्डमध्ये ही एकच असाइनमेंट दिसते, पण तिच्या पोटात तीन पायऱ्या असू शकतात: नोंद वाचणे, बिट शून्य करणे, नोंद परत लिहिणे. वाचणे आणि लिहिणे यांच्या मधल्या क्षणी दुसऱ्या कोअरवरच्या प्रोग्रॅमने त्या पेजमध्ये लिहिले, तर प्रोसेसर मेमरीतल्या नोंदीचा डर्टी बिट एक करतो, आणि पाठोपाठ पहिला कोअर आपल्याकडची जुनी किंमत, जिच्यात डर्टी शून्य आहे, त्या नोंदीवर लिहून टाकतो. पुढे मेमरी कमी पडली की कर्नल ती नोंद पाहतो, पेज स्वच्छ आहे असे समजतो आणि डिस्कवर न लिहिताच सोडून देतो. वापरणाऱ्याने जतन केलेली ओळ फाइलमध्ये नसते, आणि कुठल्याही लॉगमध्ये त्याची नोंद नसते.

यावर उपाय असा, की नोंद बदलण्याची क्रिया नेहमी अखंड मूल्यावर आणि अणुशः व्हावी. एकतर ‘एक्सचेंज’ सूचनेने नोंदीच्या जागी शून्य ठेवून जुनी किंमत एका झटक्यात काढून घ्यायची. त्यानंतर डर्टी बिट लावायला आलेल्या प्रोसेसरला प्रेझेंट बिट शून्य सापडतो आणि तो पेज फॉल्ट देतो, म्हणून काही हरवत नाही. नाहीतर ‘कम्पेअर-एक्सचेंज’ने, मधल्या काळात किंमत बदलली नसेल तरच नवी लिहायची आणि बदलली असेल तर पुन्हा प्रयत्न करायचा. या दोन्ही सूचना एका अखंड पूर्णांकावर चालतात. नोंद अखंड पूर्णांक असण्याचे हे एकच कारण दिले असते तरी मला पुरेसे वाटले असते.

वाचण्याचेही असेच आहे. साध्या पॉइंटरमधून नोंद वाचली, तर कंपायलरला ती दोनदा वाचण्याची मोकळीक असते; प्रेझेंट आहे का हे एका वाचनात तपासले आणि फ्रेम क्रमांक दुसऱ्या वाचनात घेतला, आणि मध्येच दुसऱ्या कोअरने नोंद बदलली, तर तपासलेली गोष्ट एक आणि वापरलेली दुसरी. लिनक्समध्ये यासाठी ‘रीड_वन्स’ आणि ‘राइट_वन्स’ हे मॅक्रो आहेत. संपूर्ण टाइपलाच ‘व्होलटाइल’ करावे असे काही जण सुचवतात, पण त्याने वाचून-बदलून-लिहिणे अणुशः होत नाही आणि जिथे नोंदीची स्वतःची प्रत हाताळायची आहे तिथेही कंपायलरचे हात बांधले जातात. ‘व्होलटाइल’ टाइपवर नको, वाचण्याच्या जागेवर हवे. सी११ चा ‘_ॲटॉमिक’ टाइप चालेल, मात्र त्यात साधी असाइनमेंट सर्वांत कडक क्रमाने होते आणि एक्स८६ वर तिची किंमत प्रत्येक लेखनाला मोजावी लागते. तेव्हा तो घेतलाच तर क्रम स्पष्ट सांगणारी फंक्शने वापरा.

पीएईवर यात आणखी एक गाठ आहे, कारण ३२ बिटांच्या यंत्रावर ६४ बिटांची नोंद एका साध्या लेखनात लिहिली जात नाही. लिनक्सने तिथे नोंदीचा टाइप युनियन केला आहे: एका रूपात ती ६४ बिटांची अखंड किंमत, दुसऱ्या रूपात खालचा आणि वरचा असे ३२ बिटांचे दोन भाग. रिकाम्या जागी नवी नोंद लिहिताना आधी वरचा भाग लिहितात, मग बॅरिअर (लेखनांचा क्रम राखणारी सूचना) टाकतात आणि मग खालचा भाग लिहितात, कारण प्रेझेंट बिट खालच्या भागात आहे आणि तो एक होण्याआधी बाकीचा पत्ता जागेवर असायलाच हवा. पुसताना क्रम नेमका उलटा, आधी खालचा भाग आणि मग वरचा. लॉक न घेता वाचायचे असेल तर खालचा भाग, मग वरचा, आणि पुन्हा खालचा वाचून तो बदलला नाही याची खात्री करतात. हे सगळे तीन-चार फंक्शनांच्या आत लपलेले आहे. बाहेरच्या कोडला नोंद दोन तुकड्यांत लिहिली जाते याचा पत्ताही नाही. तुम्ही ३२ बिटांवरून थेट ६४ बिटांवर जाणार असाल तर पीएई वगळा. केवळ जमते म्हणून ही गाठ गळ्यात घेण्यात अर्थ नाही.

आता स्ट्रक्टचे वेष्टन कशासाठी, हे सांगतो. टाइपडेफ नवे नाव देतो, नवा टाइप देत नाही. एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्याच्या कर्नलमध्ये रिस्क-फाइव्हवर ‘पीटीई_टी’ हा ६४ बिटांच्या पूर्णांकाचा नुसता टाइपडेफ आहे. तिथे कोड लहान आहे आणि वाचणारा प्रत्येक ओळ वाचतो, म्हणून ते खपते. पण पत्ता जिथे हवा तिथे तुम्ही चुकून अख्खी नोंद दिली, तर कंपायलर ती आनंदाने घेईल, कारण दोन्ही शेवटी ६४ बिटांचे पूर्णांकच. एका मेंबरच्या स्ट्रक्टमध्ये ठेवलेली नोंद मात्र पूर्णांकात मिसळत नाही. बेरीज केली की कंपायलर अडवतो, चुकीच्या फंक्शनला दिली की अडवतो. ६४ बिटांच्या एक्स८६ आणि आर्मवर असा स्ट्रक्ट रजिस्टरमधूनच जातो-येतो, तेव्हा वेगाची काळजी नको. ही काळजी एके काळी खरी होती: लिनक्सच्या जुन्या स्पार्क भागात स्ट्रक्ट पाठवल्याने फार वेळ जातो अशी टिप्पणी होती, आणि म्हणून कडक टाइप-तपासणी तिथे एका मॅक्रोने बंद ठेवता येत असे.

पातळीनुसार वेगळा स्ट्रक्ट का, याचे उत्तर सातव्या बिटात आहे. एक्स८६ वर सर्वांत खालच्या टेबलातील नोंदीचा सातवा बिट पीएटीचा, म्हणजे कॅशिंगच्या प्रकाराचा असतो. त्याच्या वरच्या पातळीत तोच सातवा बिट ‘ही नोंद २ एमबीचे मोठे पेज आहे’ असे सांगतो, आणि पीएटी तिथे बाराव्या बिटावर जातो. दोन्ही पातळ्यांना एकच टाइप असेल तर मोठ्या पेजच्या नोंदीला ४ केबीचा मास्क लावणे कोणीही सहज करून जातो, आणि मग पीएटीचा बिट पत्त्याचा भाग बनतो. पत्ता बरोबर ४ केबीने सरकतो. लिनक्समध्ये पाच पातळ्यांना पाच टाइप आहेत, त्यातला ‘पी४डी_टी’ २०१७ साली पाच पातळ्यांच्या टेबलांसाठी नंतर घातला गेला. टाइप वेगळे असल्यामुळे जिथे जिथे मधली पातळी विसरली, तिथे तिथे कंपायलरनेच बोट ठेवले.

वेष्टनाचा आणखी मोठा फायदा ऑगस्ट २०१८ मध्ये दिसला. त्या महिन्यात एल१टीएफ हा इंटेलच्या प्रोसेसरांमधला दोष जाहीर झाला: प्रेझेंट बिट शून्य असलेल्या नोंदीतलाही पत्ता प्रोसेसर अंदाजाने पुढे धावताना वापरत होता आणि त्या पत्त्याचा डेटा एल१ कॅशमध्ये असेल तर तो फुटू शकत होता. लिनक्सने त्यावर असा उपाय केला, की प्रेझेंट नसलेल्या नोंदींत पत्त्याचे बिट उलटे करून ठेवायचे, म्हणजे ते प्रत्यक्ष नसलेल्या मेमरीकडे बोट दाखवतील. नोंदीतून फ्रेम क्रमांक काढण्याची आणि फ्रेम क्रमांकापासून नोंद बनवण्याची वाट ठरावीक फंक्शनांतूनच जात होती, म्हणून हा बदल त्या फंक्शनांत आणि स्वॅपच्या मोजक्या मॅक्रोंत करता आला. नोंदीवर थेट मास्क लावणारा कोड शेकडो ठिकाणी विखुरलेला असता, तर तो प्रत्येक ठिकाणी शोधावा लागला असता. एएमडीच्या मेमरी एन्क्रिप्शनमध्येही पत्त्याच्या बिटांपैकी एक बिट एन्क्रिप्शनची खूण म्हणून वापरला जातो, म्हणजे पत्त्याचा मास्क आता कंपाइल करताना नव्हे, बूट होताना ठरतो.

रिस्क-फाइव्ह आणि आर्मकडे जाताना हीच फंक्शने तुम्हाला तारतील. एसव्ही३९ मध्ये फ्रेम क्रमांक दहाव्या बिटापासून सुरू होतो, बाराव्यापासून नाही. ६४ बिटांच्या आर्मवर सातवा बिट एक असणे म्हणजे ‘लिहू नये’, एक्स८६ च्या पहिल्या बिटाच्या नेमके उलट. आणि ६४ केबीच्या पेजसह ५२ बिटांचा पत्ता वापरला, तर पत्त्याचे वरचे चार बिट नोंदीत बाराव्या ते पंधराव्या जागी जाऊन बसतात. ‘पीटीई_राइट’सारखे फंक्शन ‘लिहिता येते का’ हा प्रश्न विचारते. तो बिट कुठे आहे आणि उलटा आहे का सुलटा, हे त्या त्या प्रोसेसरची हेडर फाइल जाणे. रस्टमध्ये लिहिणाऱ्यांसाठी रचना तीच: ‘यू६४’ भोवती ‘रिप्र(ट्रान्सपरंट)’ असलेला एका फील्डचा स्ट्रक्ट, आणि सामायिक टेबलात ‘ॲटॉमिकयू६४’.

लिहायला बसाल तेव्हा हेडरमध्ये टाइपच्या लगेच खाली तीन स्थिर तपासण्या ठेवा: नोंदीचा आकार (६४ बिटांवर आठ बाइट, पीएई नसलेल्या ३२ बिटांवर चार), टेबलाचा आकार ४,०९६ बाइट, टेबलाचे अलाइनमेंटही ४,०९६. बूटलोडर वेगळ्या एबीआयने कंपाइल झाला तर चूक तिथेच, बूट होण्याआधी पकडली जाईल. आणि फ्रेम वाटणाऱ्या फंक्शनात तपासणीच्या बिल्डसाठी एक पर्याय घाला, जो सर्वांत वरच्या फ्रेमपासून वाटायला सुरुवात करतो. मग क्यूईएमयू या एम्युलेटरला ८ जीबी मेमरी देऊन ६४ बिटांचा कर्नल चालवा. त्यातली काही मेमरी ४ जीबीच्या वरच्या पत्त्यांवर असते, आणि पहिलीच नोंद तिथल्या फ्रेमची बनते. जे कास्ट विसरले असतील, जे मास्क अरुंद असतील, ते पहिल्या काही सेकंदांतच फॉल्ट देतील. आमच्या त्या कर्नलमध्ये हा पर्याय मी चूक सापडल्यानंतर घातला, आणि त्याच संध्याकाळी तशाच आणखी दोन ओळी हाती लागल्या.